सोल्डर पेस्टचे दोष मुळापर्यंत कसे शोधावेत: मराठवाड्यातल्या छोट्या एसएमटी युनिटसाठी

एसएमटी म्हणजे सर्किट बोर्डावर सोल्डरची पेस्ट स्टेन्सिलमधून, म्हणजे भोके पाडलेल्या पातळ पत्र्यातून, छापायची, त्यावर पार्ट ठेवायचे आणि ओव्हनमध्ये पेस्ट वितळवून जोड करायचे. दोष दिसतो तो बोर्ड ओव्हनमधून बाहेर आल्यावर. त्यामुळे पहिला हात ओव्हनच्या सेटिंगला जातो आणि तिथूनच वेळ वाया जायला लागतो. पायांमधला शॉर्ट, एका टोकावर उभा राहिलेला रेझिस्टर, आयसीभोवती विखुरलेल्या बारीक गोळ्या, कोरडा जोड: यातले बरेचसे दोष ओव्हनच्या आधीच, छपाईच्या टेबलावर किंवा त्याहूनही आधी फ्रिजमध्ये ठरलेले असतात. म्हणून शोध पेस्टच्या डबीपासून सुरू करावा, मग छपाई पाहावी आणि ओव्हनला शेवटी हात लावावा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दाब, वेग आणि तापमान एकदम बदलून दोष गेलाच, तरी तो कशाने गेला हे कळत नाही आणि पुढच्या लॉटला तो परत येतो.

दुसरी गोष्ट हवेची. पेस्टची डेटाशीट बहुधा २२ ते २६ अंश सेल्सिअस तापमानाची आणि ४० ते ६० टक्के आर्द्रतेची खोली गृहीत धरते. वाळूज किंवा शेंद्र्याच्या मोठ्या कारखान्यातल्या बंद हॉलमध्ये हे जमते. पण लातूर, नांदेड, जालन्याच्या एमआयडीसीत पत्र्याच्या शेडमध्ये पंपाचे मोबाइल स्टार्टर नाहीतर एलईडी ड्रायव्हर बनवणाऱ्या युनिटमध्ये मे महिन्यात चाळीसच्या वरचा कोरडा उन्हाळा असतो, जुलैत दमट हवा असते आणि वर्षभर विजेची ये-जा असते. तीच पेस्ट, तेच स्टेन्सिल आणि तोच माणूस असूनही निकाल वेगळा येतो तो यामुळे.

डबीत नेमके काय असते

शिसेविरहित कामात सर्वाधिक वापरला जाणारा मिश्रधातू म्हणजे सॅक ३०५: ९६.५ टक्के कथिल, ३ टक्के चांदी आणि ०.५ टक्का तांबे. तो २१७ ते २२० अंशांना वितळतो. जुनी ६३/३७ कथिल-शिसे पेस्ट १८३ अंशांना वितळते, तर कथिल-बिस्मथची कमी तापमानाची पेस्ट १३८ ला. पेस्टमध्ये वजनाने ८८ ते ८९ टक्के धातूची भुकटी असते आणि उरलेला फ्लक्स, म्हणजे ऑक्साइड साफ करणारे चिकट रसायन. आकारमानाने मात्र दोन्ही जवळपास निम्मे-निम्मे असतात. म्हणजे छापलेल्या पेस्टच्या ढिगातून वितळल्यावर साधारण अर्धेच सोल्डर उरते. "पेस्ट तर भरपूर दिसत होती, जोड बारीक का झाला?" या प्रश्नाचे उत्तर बऱ्याचदा एवढेच असते.

बिस्मथची पेस्ट शिसे असलेल्या हॅसल (वितळलेल्या सोल्डरचा मुलामा दिलेल्या) बोर्डावर कधीही वापरू नका. कथिल, शिसे आणि बिस्मथ एकत्र आले की ९६ अंशांच्या आसपास वितळणारा भाग तयार होतो आणि उन्हात तापलेल्या पेटीत तो जोड सुटू शकतो. शेतात उभ्या असलेल्या स्टार्टरसाठी हा खरा धोका आहे.

सगळ्यात आधी गोळीची चाचणी

दोष पेस्टचा आहे की प्रक्रियेचा, हे ठरवायला दहा मिनिटे पुरतात. तांबे नसलेल्या एफआर-४ चा (बोर्डाच्या फायबरग्लासचा) किंवा सिरॅमिकचा स्वच्छ तुकडा घ्या. सुमारे ६ मिमी व्यासाचे भोक असलेल्या ०.२ मिमी जाडीच्या पत्र्यातून त्यावर पेस्टचा एक गोल छापा. सॅक ३०५ असेल तर हॉट प्लेट २४५ अंशांवर स्थिर झाल्यावर तुकडा तिच्यावर ठेवा. पेस्ट वितळून ओली-चकचकीत झाली की काही सेकंदांत सपाट उचलून थंड होऊ द्या.

चांगल्या पेस्टची एकच मोठी, चकचकीत गोळी होते आणि भोवती स्वच्छ फ्लक्स राहतो. एका मोठ्या गोळीशेजारी दोन-चार चुकार गोळ्या चालतात. पण भोवती बारीक दाण्यांचे कडे उमटले, तर भुकटीवर ऑक्साइड चढले आहे किंवा पेस्टने पाणी ओढले आहे. अशा पेस्टवर ओव्हनचे प्रोफाइल (वेळेनुसार तापमानाचा आलेख) बदलत बसू नका, नवी डबी काढा. गोळी नीट झाली तर पेस्टला दोष देणे थांबवा आणि पुढे चला.

हीच चाचणी नव्या डबीची गोळी शेजारी ठेवून करावी. नुसत्या आठवणीवर "पूर्वी बरी होत होती" असे ठरवता येत नाही.

फ्रिज, कुरिअर आणि दव

बहुतेक पेस्ट २ ते १० अंशांत ठेवायची असते आणि न उघडता साधारण सहा महिने टिकते. नेमका आकडा डबीवर असतो. घरगुती फ्रिज चालतो, पण डबी फ्रीजरमध्ये किंवा दाराच्या कप्प्यात ठेवू नये. त्यात खाण्याचे काही ठेवू नये. कमाल-किमान नोंदवणारा थर्मामीटर आत असावा, कारण रात्री चार तास वीज गेली होती हे सकाळी दुसरे कोणी सांगत नाही. रिकाम्या जागेत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवल्या तर वीज गेल्यावर आतला गारवा बराच वेळ टिकतो. पेस्टच्या सिरिंज टोक खाली करून उभ्या ठेवाव्यात.

उन्हाळ्यात मुंबई-पुण्याहून माल मागवताना थर्मोकोलची पेटी आणि जेल पॅक सांगून घ्या. पाठवायला सोमवार किंवा मंगळवार ठरवा. शनिवारी निघालेले पार्सल रविवारभर तापलेल्या गोदामात पडून राहते. पेटी उघडताच डबीचे तापमान मोजा आणि त्या लॉटची गोळीची चाचणी करून मगच ती साठ्यात घ्या.

फ्रिजमधून काढलेली ५०० ग्रॅमची डबी झाकण न उघडता चार तास खोलीत ठेवायची. ओव्हनवर, उन्हात किंवा गरम पाण्यात ठेवून ती घाईने तापवायची नाही. कोरड्या उन्हाळ्यात दव कुठून येणार, असे वाटते, पण हिशेब करून पाहा. ४० अंश आणि २० टक्के आर्द्रतेला दवबिंदू १३ अंशांच्या आसपास असतो. ५ अंशांची डबी उघडली की मे महिन्यातही पेस्टवर पाणी साचणारच. जुलैत २८ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला दवबिंदू २४ पर्यंत जातो, तेव्हा तर डबी पूर्ण खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय हातही लावू नये. हे पाणी ओव्हनमध्ये वाफ होऊन उडते आणि सोल्डरचे थेंब भोवती फेकते.

डबीवर तीन तारखा लिहा: आली कधी, फ्रिजबाहेर काढली कधी, उघडली कधी. उघडल्यावर प्लॅस्टिकच्या पट्टीने एक-दोन मिनिटे एकाच दिशेने हलक्या हाताने ढवळा. पट्टी वर उचलली की पेस्ट आधी सलग ओघळावी आणि मग तुटून पडावी. ती गोळ्यागोळ्याने तुटत असेल तर सुकली आहे. न तुटता पातळ धार लागत असेल तर जास्त ढवळली गेली आहे किंवा खोली तापली आहे.

कूलर आणि पंखा छपाईच्या खोलीत नको

आपल्याकडे उन्हाळा म्हणजे कूलर. छपाईच्या खोलीत मात्र तो दुहेरी नुकसान करतो: आर्द्रता वर नेतो आणि वाऱ्याबरोबर धूळ स्टेन्सिलवर आणतो. पंख्याचा थेट झोत तर आणखी वाईट, कारण त्याने पेस्टमधले द्रावक उडून जाते आणि तासाभरात बारीक भोके बुजायला लागतात. पूर्ण शेड थंड करणे परवडत नसेल तर फक्त प्रिंटर आणि पिक अँड प्लेस (पार्ट ठेवणारे मशीन) यांच्यापुरती १० बाय १२ फुटांची काचेची खोली करून तिला एक टन ते दीड टनाचा एसी लावा. एसीचा झोत स्टेन्सिलवर येऊ देऊ नका. भिंतीवर आर्द्रतामापक टांगा आणि त्याचा आकडा दर दोन तासांनी रजिस्टरमध्ये लिहा. हाच आकडा पुढे दोषाच्या तारखेशी जुळवून पाहता येतो.

छपाई: जास्तीत जास्त वेळ इथे द्या

पहिला प्रश्न: या भोकातून पेस्ट सुटू तरी शकते का? भोकाच्या तोंडाचे क्षेत्रफळ भागिले त्याच्या भिंतींचे क्षेत्रफळ हे गुणोत्तर ०.६६ च्या वर हवे. गोल किंवा चौरस भोकासाठी सूत्र सोपे आहे: व्यास (किंवा चौरसाची बाजू) भागिले स्टेन्सिलच्या जाडीची चौपट. ०.२८ मिमीचे गोल भोक ०.१५ मिमी स्टेन्सिलमध्ये ०.४७ देते, ०.१२ मध्ये ०.५८ आणि ०.१० मध्ये ०.७०. म्हणजे ०.१५ च्या स्टेन्सिलवर तुम्ही दाब, वेग, पेस्ट काहीही बदला, ते भोक नीट सुटणार नाही. दोष स्टेन्सिलच्या आखणीतच आहे.

दुसरा हिशेब भुकटीचा. भोकाच्या सर्वांत अरुंद बाजूला किमान पाच मोठे कण शेजारी-शेजारी मावले पाहिजेत. टाइप ३ भुकटीचे कण २५ ते ४५ मायक्रॉन असतात, म्हणून किमान रुंदी ०.२२५ मिमी. टाइप ४ मध्ये २० ते ३८ मायक्रॉन, म्हणून ०.१९ मिमी. ०६०३ आकाराचे छोटे पार्ट आणि १.२७ मिमी पिच (शेजारच्या दोन पायांमधले अंतर) असलेल्या बोर्डाला टाइप ३ पुरते. ०.५ मिमी पिचचा आयसी किंवा त्याहून छोटे ०४०२ पार्ट असतील तर टाइप ४ घ्या. गरज नसताना टाइप ५ घेऊ नका. कण जितके बारीक तितका एकूण पृष्ठभाग जास्त आणि ऑक्साइड चढण्याचा धोकाही जास्त.

आता प्रत्यक्ष सेटिंग. धातूची स्क्वीजी (पेस्ट ओढायचे पाते), ६० अंशांचा कोन. दाब पात्याच्या प्रत्येक सेंटिमीटरला सुमारे ०.२ किलो, म्हणजे २५ सेमीच्या पात्याला ५ किलोपासून सुरुवात. वेग ३० ते ५० मिमी प्रति सेकंद. स्टेन्सिल आणि बोर्ड यांत फट शून्य. पेस्टचा रोल १५ ते २० मिमी जाडीचा ठेवा आणि तो पात्यापुढे घरंगळत जातो का, पाहा. नुसता सरकत असेल तर पेस्ट भोकात भरत नाही. पाते फिरल्यावर स्टेन्सिल पुसल्यासारखे स्वच्छ दिसले पाहिजे. पेस्टचा पातळ थर मागे राहत असेल तर दाब थोडा थोडा वाढवा. दाब जास्त झाला तर मोठ्या पॅडवर (पार्ट जोडायच्या तांब्याच्या जागेवर) मधोमध खळगा पडतो आणि पेस्ट स्टेन्सिलखाली दाबली जाते.

हाताने छपाई करत असाल तर सर्वांत मोठा दोष आधाराचा असतो. बोर्डाच्या चारही बाजूंना त्याच जाडीचे रद्दी बोर्ड चिकटवून सपाट चौकट करा, म्हणजे स्टेन्सिल कडेला लवत नाही. ०.८ मिमीचा पातळ बोर्ड मधे दबतो, त्याला खालून आधार द्या. एकाच दमात एकाच दिशेने ओढा. स्टेन्सिल एका कोपऱ्यातून उचलू नका, बिजागरीने सरळ आणि सावकाश उचला. कोपऱ्यातून उचलले की पेस्टला कुत्र्याच्या कानासारखी टोके येतात आणि पुढे तिथेच शॉर्ट होतो.

स्टेन्सिलचा तळ दर पाच ते दहा छपायांनंतर धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. कापड आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) चिंब करू नका. भोकात राहिलेला आयपीए पेस्टमधला फ्लक्स फोडतो आणि पुढच्या दोन-तीन बोर्डांवर पेस्ट पसरते. स्टेन्सिलसाठीचा क्लीनर वापरा आणि शेवटी कोरडे पुसा.

छपाई तपासायचे थ्रीडी मशीन नसेल तर एक मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा घ्या. बोर्डाचे वजन छपाईआधी आणि नंतर करा. हिशेब असा: सगळ्या भोकांचे एकूण क्षेत्रफळ ३०० चौ. मिमी, स्टेन्सिल ०.१२ मिमी, म्हणजे ३६ घन मिमी पेस्ट. सॅक ३०५ पेस्टची घनता सुमारे ४.२ मिलिग्रॅम प्रति घन मिमी धरली तर अंदाजे १५० मिलिग्रॅम. पहिले दहा चांगले बोर्ड मोजून स्वतःची सरासरी काढा. पुढे वजन १५ टक्क्यांपेक्षा जास्त हलले की छपाई थांबवून तळ आणि भोके पाहा. स्वस्तातला हा उपाय बहुतेक जण करत नाहीत, याची खरेच खंत वाटते.

ओव्हनआधी की नंतर: शॉर्टचा निवाडा

शॉर्ट दिसला की नुकताच छापलेला बोर्ड १० पट भिंगाखाली धरा. पेस्ट तिथेच जोडलेली दिसली तर कारण छपाईत आहे: तळ घाण, बोर्ड-स्टेन्सिलमध्ये फट, दाब जास्त किंवा भोक पॅडएवढेच रुंद. बारीक पिचला भोकाची रुंदी पॅडपेक्षा सुमारे १० टक्के कमी ठेवावी. हॅसल बोर्डाचा पॅड उंच-सखल असल्याने स्टेन्सिल त्यावर नीट बसत नाही. ०.५ मिमी पिचच्या कामाला एनिग (निकेल-सोन्याचा सपाट मुलामा) फिनिशचा जास्तीचा खर्च अंगाशी येत नाही.

छपाई स्वच्छ आणि शॉर्ट फक्त ओव्हननंतर? मग बोर्ड २० मिनिटे तसाच ठेवून पाहा. खोलीतच पेस्ट ढासळली तर खोली गरम, दमट किंवा पेस्ट जास्त ढवळलेली. खोलीत टिकून ओव्हनमध्ये ढासळली तर तापण्याचा वेग जास्त आहे. द्रावक उडायच्या आत पेस्ट पातळ होते आणि शेजारच्या पॅडवर जाते. १५० अंशांपर्यंतचा वेग १ अंश प्रति सेकंदापर्यंत खाली आणा.

रेझिस्टर-कपॅसिटरच्या बगलेला एकेक मोठा मणी चिकटलेला दिसतो तो वेगळा दोष. पार्ट ठेवताना पेस्ट त्याच्या पोटाखाली दाबली जाते आणि वितळल्यावर बाजूने बाहेर येते. भोकाला घराच्या आकारासारखा छाट द्या, म्हणजे पार्टच्या पोटाखाली येणारी पेस्ट कमी होते. पार्ट ठेवणाऱ्या नोझलचा दाबही कमी करा.

उभ्या राहिलेल्या पार्टचे कारण दोन टोके वेगवेगळ्या क्षणी वितळणे. एक पॅड रुंद ग्राउंडला थेट जोडलेला असेल तर तो उशिरा तापतो. बोर्डाच्या नकाशात त्याला बारीक पट्ट्यांनी जोडा. तोपर्यंत २०० ते २१० अंशांवर २० ते ३० सेकंद जास्त थांबा, म्हणजे दोन्ही टोके बरोबरीला येतील. पार्ट तिरका ठेवला जातोय का, तेही तपासा. क्यूएफएनच्या (बाहेर पाय नसलेल्या आयसीच्या) पोटाच्या पॅडवर स्टेन्सिलमध्ये एक मोठे भोक देऊ नका. खिडकीच्या तावदानांसारखे तुकडे करून पॅडच्या ५० ते ८० टक्के भागावरच पेस्ट येऊ द्या, नाहीतर आयसी तरंगतो आणि आत पोकळ्या राहतात.

ओव्हन आणि व्होल्टेज

ओव्हनच्या पडद्यावरचा आकडा हवेचा असतो, जोडाचा नाही. के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) भरलेल्या बोर्डावर तीन ठिकाणी लावा: सर्वांत जड पार्टचा पाय, एखादा छोटा पार्ट आणि कोपरा. सॅक ३०५ साठी सुरुवातीचे लक्ष्य असे: चढ १ ते २ अंश प्रति सेकंद, १५० ते २०० मध्ये ६० ते १२० सेकंद, २१७ च्या वर ४५ ते ९० सेकंद, शिखर २३५ ते २४५ आणि थंड होण्याचा वेग ४ अंश प्रति सेकंदाच्या आत. तिन्ही बिंदू या चौकटीत बसले पाहिजेत. नंतर तुमच्या पेस्टच्या डेटाशीटप्रमाणे बारीक जुळणी करा.

जोडाचा पृष्ठभाग द्राक्षाच्या घडासारखा दाणेदार राहिला तर फ्लक्स वितळण्याच्या आधीच संपला आहे. लांबलेला सोक (१५० ते २०० अंशांमधला वेळ) हे एक कारण. छोट्या ओव्हनमध्ये दुसरे कारण विजेच्या लाइनमध्ये असते. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० चे २०० व्होल्ट झाले की सुमारे २४ टक्के ताकद जाते, चढ लांबतो आणि प्रोफाइल कागदावर तसेच राहून बोर्डावर बदलते. संध्याकाळी परिसरातले मोटरपंप सुरू झाल्यावर दोष वाढत असतील तर आधी व्होल्टमीटर पाहा. ओव्हनच्या भाराला पुरेल असा सर्व्हो स्टॅबिलायझर लावा आणि प्रोफाइल त्याच वेळेला एकदा परत मोजा.

कन्व्हेयर ओव्हनच्या साखळीला आणि पंख्यांना यूपीएस हवाच. वीज गेल्यावर हीटर बंद झाले तरी आतला बोर्ड बाहेर काढता येतो. प्रीहीटमध्ये अडकून नंतर निघालेला बोर्ड पुन्हा तसाच ओव्हनमध्ये घालू नका, त्याचा फ्लक्स जळालेला असतो. पार्ट काढून पेस्ट धुवा आणि नव्याने छापा. स्टेन्सिलवरची पेस्ट अर्ध्या तासापेक्षा जास्त पडून राहणार असेल तर ती वेगळ्या डबीत भरून झाकण लावा. मूळ डबीत परत टाकू नका. वीज आल्यावर आधी दोन-तीन छपाया रद्दी बोर्डावर घ्या.

पावसाळ्यात पार्ट आणि बोर्डही पाणी ओढतात. एमएसएल (ओलाव्याला किती नाजूक याची पातळी) ३ चा आयसी पाकीट उघडल्यापासून १६८ तास चालतो, पण तेही ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या आत. उघडी पाकिटे सिलिका जेल आणि आर्द्रतेच्या कार्डासह बंद डब्यात ठेवा. ओलसर वाटणारे हॅसल किंवा एनिग बोर्ड १०५ अंशांवर साधारण चार तास भाजून घेता येतात. ओएसपी (तांब्यावर सेंद्रिय संरक्षक थर) फिनिशचे बोर्ड भाजणे टाळा, त्यांचा संरक्षक थर जातो.

चुकलेली छपाई आणि उरलेली पेस्ट

चुकून छापलेला बोर्ड नुसत्या सुरीने खरवडून परत छापला की भुकटी व्हायाच्या (बोर्डाचे थर जोडणाऱ्या) भोकांत आणि मास्कच्या (बोर्डावरच्या संरक्षक थराच्या) कडेला अडकते. तीच पुढे मोकळ्या गोळ्या बनून शॉर्ट करते. आधी प्लॅस्टिकच्या पट्टीने पेस्ट काढा, मग क्लीनरमध्ये मऊ ब्रशने धुवा, तेल-पाण्याचा फिल्टर असलेल्या कंप्रेसरच्या हवेने वाळवा आणि भिंगाखाली व्हाया पाहा. एका बाजूला पार्ट लागलेला बोर्ड अल्ट्रासॉनिकमध्ये टाकण्याआधी क्रिस्टल, मायक्रोफोन किंवा सेन्सर आहे का तपासा.

मुदत संपलेली पेस्ट, पुसलेली कापडे आणि धुतलेले क्लीनर नालीत किंवा उकिरड्यावर जाऊ देऊ नका. पेस्ट शिशाची असो वा नसो, झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात वेगळी साठवा, डब्यावर धातूचा प्रकार लिहा आणि अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे द्या. त्यातल्या कथिल-चांदीला भावही मिळतो. पेस्ट हाताळताना नायट्राइल हातमोजे घाला, त्याच टेबलावर चहा-डबा नको, आणि ओव्हनचा धूर पाइपने शेडबाहेर काढा.